हृदयाच्या मूळपेशी आणि एका संशोधकाची कारकीर्द

आपल्या लश्करातल्या एखाद्या घरी वडीलधाऱ्यांना हृदयविकाराचा झटका आला, की कुणीतरी मूळपेशींचे, म्हणजे स्टेम सेलचे, नाव काढते. म्हणून पिएरो अन्व्हर्सा यांची हकीकत आपल्याला ठाऊक असावी.

झटक्यात मेलेला हृदयस्नायू पुन्हा उगवत नाही. तेथे व्रण राहतो. इटलीहून अमेरिकेत गेलेल्या अन्व्हर्सांच्या गटाने २००१ मध्ये लिहिले, की अस्थिमज्जेतल्या पेशी टोचल्यावर उंदराच्या हृदयात नवा स्नायू तयार झाला. पुढे, प्रौढ हृदयातही मूळपेशी असतात, असे मांडले. आशा पालवली, रुग्णांवर चाचण्या झाल्या. पण २००४ मध्येच दोन प्रयोगशाळांना तो नवा स्नायू दिसला नव्हता!

मला मोठे कौतुक वाटते ते २००९ च्या स्वीडिश संशोधनाचे. अणुचाचण्यांनी हवेत वाढवलेला किरणोत्सारी कार्बन माणसांच्या डीएनएत उतरला होता. त्यावरून पेशींचे वय काढले. पंचविशीत वर्षाला जेमतेम १ टक्का हृदयस्नायू-पेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी.

२०१८ मध्ये हार्वर्डने अन्व्हर्सांच्या प्रयोगशाळेतले ३१ लेख मागे घ्यावेत असे कळवले. त्यांतली माहिती खोटी वा बनावट होती.

आपल्याकडे आयसीएमआरच्या २०१७ च्या सूत्रांनुसार हृदयासाठी मूळपेशी फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच वापरता येतात. कुणी ‘उपचार’ म्हणून पैसे मागितले, तर आधी चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारा.