६१ कोटींचा बैल अन् कोसळणारा माणूस. तैयब मेहतांची चित्रं काय सांगतात?

पनवेल : पाय आवळून बांधलेला, जमिनीवर आडवा पाडलेला बैल. तैयब मेहता यांचं १९५६ मधलं 'ट्रस्ड बुल' हे चित्र एप्रिल २०२५ मध्ये सॅफ्रनआर्टच्या लिलावात ६१.८० कोटी रुपयांना विकलं गेलं. किमतीची चर्चा झाली. पण या चित्रात आहे तरी काय? समजून घेऊया.

बैलच का?

आपल्याकडे बैल म्हणजे ताकद आणि कष्ट. पोळ्याला त्याला सजवतात, ओवाळतात. मेहतांचा बैल मात्र कत्तलखान्यातला. एवढं बळ असलेलं जनावर, पण पाय बांधले की त्याचं काही चालत नाही. अंगात ताकद असून ती वापरता येत नाही, ही कोंडी म्हणजे हे चित्र. हा विषय मेहतांनी पुढेही सोडला नाही. १९७० च्या 'कूडल' या लघुपटासाठी त्यांनी वांद्र्याच्या कत्तलखान्यात चित्रीकरण केलं. त्याला फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कार मिळाला.

कोसळणारा माणूस कुठून आला?

१९४७ च्या दंगलीत मेहता जेमतेम विशीत होते. मोहम्मद अली रोडवरच्या घराच्या खिडकीतून त्यांनी जमावाला एका माणसाचा जीव घेताना पाहिलं. ते दृश्य आयुष्यभर त्यांच्या मनातून गेलं नाही. १९६५ मध्ये त्यांनी 'फॉलिंग फिगर' रंगवलं. १९६८ मध्ये दिल्लीतल्या पहिल्या त्रैवार्षिक कलाप्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळालं.

चित्रात काय नाही?

इथे खरी मेख आहे. दंगल पाहिलेल्या चित्रकाराने इथे ना जमाव रंगवला, ना शस्त्र. कोसळणाऱ्या माणसाचा धर्म, जात, गाव काहीच कळत नाही. त्यामुळे 'तो आपला की त्यांचा?' हा प्रश्नच उरत नाही. टेकायला जमीन नाही, सावरायला कुणाचा हात नाही. आणि पाहणारे आपण नेमके त्या खिडकीच्या जागी उभे असतो. पुढच्या काही चित्रांत माणसासोबत पक्षीही कोसळतो. म्हणजे पंख असलेलाही सुटत नाही.

चित्र पाहताना हे विचारा

- शरीराचा तोल कुठे आहे? ते उभं आहे, बांधलेलं आहे की पडतंय?
- चित्रकाराने काय गाळलं? गाळलेली गोष्टही अर्थ सांगते.
- चित्राने मला कुठे उभं केलंय : मदतीला की बघ्यांत?

पनवेलहून हार्बर लोकलने सीएसएमटी गाठली, की काळा घोडा पायी पंधरा-वीस मिनिटांवर. जहांगीर आर्ट गॅलरीत प्रवेशाला तिकीट लागत नाही. तिथे जे चित्र समोर येईल, त्याला हे तीन प्रश्न विचारून बघा. मेहतांनी रस्त्यावरचा तो माणूस काही क्षण पाहिला आणि पुढे वर्षानुवर्षं रंगवला. आपण एका चित्रासमोर पाच मिनिटं तरी थांबायला हरकत नाही.