बर्फाआधी टेबलावर

वसंतातल्या सकाळी गुलमर्गजवळच्या अफरवटचा उतार टणक झालेला असतो. आदल्या दिवशी उन्हाने वितळलेला बर्फ रात्रीतून पुन्हा गोठतो. स्कीच्या तळाला चिकटवलेली ‘स्किन’, म्हणजे मोहेर किंवा नायलॉनची केसाळ पट्टी, मऊ बर्फावर चढताना छान पकड देते. या कडक थरावर, विशेषतः उतार आडवा कापताना, ती सटकते. अशा वेळी बूट स्कीला जोडणाऱ्या बाइंडिंगमध्ये स्की क्रॅम्पॉन अडकवतात. ही स्कीच्या दोन्ही कडांबाहेर दाते काढलेली धातूची पट्टी असते.

अफरवटच्या गोंडोलाचे वरचे स्थानक सुमारे 3,950 मीटर उंचीवर आहे, तर बेंगळुरू साधारण 900 मीटरवर. तरीही कोरमंगलातून निघणाऱ्या स्कीअरने क्रॅम्पॉन बसवून पाहायचा तो घरीच. 1997 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने उभ्या राहिलेल्या तिथल्या नॅशनल गेम्स व्हिलेजमधले जेवणाचे टेबलही त्याला पुरते.

केदारकांठा चढताना बुटांवर मायक्रोस्पाइक्स ताणून बसवलेल्या ट्रेकरला हे काम सोपे वाटेल. इथे मात्र स्की, बाइंडिंग आणि बूट या तिघांचे जमावे लागते.

आधी रुंदी. स्कीवर 124-95-112 असे आकडे छापलेले असतात. त्यातला मधला, 95 मिलिमीटर, म्हणजे कंबर. क्रॅम्पॉन त्याहून काही मिलिमीटर रुंद हवा. अरुंद असला तर तो कडेवर अडकतो. फार रुंद असला तर दाते कडेपासून लांब पडतात आणि बाइंडिंगवर पिळाचा ताण येतो.

मग बाइंडिंग. ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांनी 1980 च्या दशकात बुटाचे टोक दोन पिनांमध्ये पकडणारे हलके बाइंडिंग घडवले. पुढे डायनाफिटने ते बाजारात आणले. अशा अनेक बाइंडिंगमध्ये पिनांच्या मागे खाच असते. क्रॅम्पॉनचा आडवा दांडा तिच्यात बाजूने सरकवायचा. काही हलक्या मॉडेलना ही खाच नसते. त्यांना वेगळा धारक स्क्रूने बसवावा लागतो. म्हणून खरेदीआधी मॉडेलचे नाव जुळवून पाहावे.

आता स्किन लावलेल्या स्कीवर बूट अडकवून टाच वीसेक वेळा उचलावी आणि खाली ठेवावी. प्रचलित रचनेत टाचेबरोबर क्रॅम्पॉनही वर येतो आणि पाऊल टेकले की तळव्याच्या दाबाने दाते खाली जातात. ते दोन्ही बाजूंना सारखे उतरायला हवेत, कडेला किंवा स्किनला घासता कामा नयेत. हील रायझर, म्हणजे चढावर टाचेखाली घ्यायचा आधार, उंच केला की टाच वरच राहते आणि दाते कमी रुततात. हा फरक टेबलावरच डोळ्यांना दिसतो. म्हणूनच कडक बर्फावर शक्यतो रायझर खाली ठेवतात.

शेवटची चाचणी जाड हातमोजे घालून. दांडा खाचेत बसतो का, निघतो का, हे बोटांना कळायला हवे. कारण उतार कडक होण्याआधीच, सपाट जागी, थंडीत हेच करायचे असते. प्रवासात दाते जाड कापडात गुंडाळून चेक-इन सामानात ठेवावेत.