वेदनाशामक गोळी घेण्यापूर्वी स्ट्रिपची मागची बाजू वाचा

पावसाळ्यात इंदिरानगरमधल्या एखाद्या घरात कोणाला अंगदुखीसह ताप आला, तर आता सीएमएच रोडवरच्या औषधाच्या दुकानापर्यंतही जावं लागत नाही. मोबाइलवरून मागवलेली गोळी घरपोच मिळते. अंगदुखी थांबते आणि तुम्ही ऑफिसला निघता. पण हा ताप डेंग्यूचा असेल तर?

सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने डेंग्यूला साथीचा आजार म्हणून जाहीर केलं. डेंग्यूमध्ये रक्तातल्या प्लेटलेट्स कमी होतात. अशा वेळी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक किंवा एस्पिरिन घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून तापाचं कारण कळेपर्यंत यापैकी काहीही मनाने घेऊ नका. ताप उतरवायला पॅरासिटामोल चालतं, तेही ठरलेल्या मात्रेतच. हृदयविकारासाठी रोज एस्पिरिन सुरू असेल, तर डॉक्टरांना लगेच सांगा.

असं का होतं?

शरीरातले प्रोस्टाग्लँडिन नावाचे घटक वेदना आणि सूज वाढवतात. या गोळ्या ते तयार होऊ देत नाहीत. मात्र हेच घटक पोटाच्या अस्तराचं रक्षण करतात, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही सांभाळतात. त्यामुळे गुडघेदुखीसाठी आई महिनोन्महिने मनाने गोळ्या घेत असेल, तर तिला अल्सर होऊ शकतो, मूत्रपिंडांनाही इजा होऊ शकते.

हे लक्षात ठेवा

• गोळीचं नाव वेगळं असलं तरी आतलं औषध तेच असू शकतं. अनेक गोळ्यांमध्ये पॅरासिटामोलसोबत दुसरं वेदनाशामकही असतं. म्हणून घटक वाचा.

• स्ट्रिपवर लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका.

• गोळी उपाशीपोटी घेऊ नका, पाणी भरपूर प्या. दोन वेदनाशामकं एकत्र घेऊ नका.

• ब्लडप्रेशर, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार, दमा, अल्सर असेल किंवा रक्त पातळ करणारं औषध सुरू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात तर नक्कीच.

• १२ वर्षांखालील मुलांना निमेसुलाइड देण्यावर भारतात २०११ पासून बंदी आहे. घरात उरलेली मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलांना देऊ नका.

काळी शौच, रक्ताची उलटी, अंगावर पुरळ, चेहऱ्यावर सूज किंवा लघवी कमी होणं, यापैकी काहीही दिसलं तर गोळी थांबवा आणि ताबडतोब हॉस्पिटल गाठा. जाताना ती स्ट्रिप सोबत न्यायला विसरू नका.