प्लॅटिनमला पर्याय शोधताना: पनवेलमधला जुलैचा एक दिवस

सकाळी ७:४५. रात्रभर गार होत आलेली ट्यूब फर्नेस उघडते. काल आत ठेवलेली पांढरी जाळी आक्रसून काळी झाली आहे. हे तंतू पॉलिअॅक्रिलोनायट्राइलमध्ये पीएमएमए हे दुसरं पॉलिमर मिसळून काढलेले. ९०० अंशांपर्यंत जाताना पीएमएमए उडून जातं, त्याच्या जागी छिद्रं राहतात. पॉलिअॅक्रिलोनायट्राइलमधला थोडा नायट्रोजन मात्र कार्बनमध्ये टिकतो, आणि सगळी भिस्त त्याच्यावरच आहे.

इंधनघटात हायड्रोजनचं काम चटकन होतं, घोडं अडतं ते ऑक्सिजनपाशी. त्याचं पाणी व्हायला कॅथोडवर प्लॅटिनम लागतं आणि ते आपण जवळजवळ सगळं आयात करतो. ऑक्टोबर २०२० मध्ये सीएसआयआर आणि केपीआयटी यांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) इंधनघटावरच्या गाडीची चाचणी घेतली, तेव्हापासून हा विषय मुलांनाही जवळचा वाटतो. नायट्रोजन मिसळलेल्या कार्बन नॅनोट्यूब अल्कलीत प्लॅटिनमऐवजी ऑक्सिजनचं हे काम करतात, हे संशोधक लिमिंग दाई यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं होतं.

९:००. काळ्या जाळीची पाच मिलिग्रॅम पूड, आयसोप्रोपॅनॉल, पाणी, थोडं नाफिऑन. अर्धा तास अल्ट्रासॉनिक बाथमध्ये, की शाई तयार. तोवर इलेक्ट्रोड घासायचा: ओल्या कापडावर अॅल्युमिनाची पूड, वर इंग्रजी आठचा आकडा काढत राहायचं, काचेसारखा चमकेपर्यंत. मग त्यावर शाईचा एकच थेंब. तो कडेला जाड आणि मध्ये विरळ वाळला, तर पुसून पुन्हा.

११:००. पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये अर्धा तास ऑक्सिजनचे बुडबुडे, मग इलेक्ट्रोड मिनिटाला १६०० फेऱ्यांनी फिरवत मोजणी. ऑक्सिजन पाण्यात फारच कमी विरघळतो, म्हणून तो आतपर्यंत पोचायला छिद्रं हवीत. ऑक्सिजनच्या रेणूने चार इलेक्ट्रॉन घेतले तर पाणी, दोनच घेतले तर हायड्रोजन पेरॉक्साइड. आज इलेक्ट्रोडभोवतीच्या, पेरॉक्साइड टिपणाऱ्या रिंगवर ते कमी दिसलं. मन हलकं झालं.

"मॅडम, पलीकडचा इलेक्ट्रोड म्हणून प्लॅटिनमची तार लावू का?" एमएस्सीच्या मुलाने विचारलं.

"नको रे, ग्राफाइटचीच कांडी लाव." प्लॅटिनम कणाकणाने विरघळून आपल्या कार्बनवर बसलं, तर श्रेय भलत्यालाच जातं.

दुपारी २:००. नवे तंतू. सुईला १८ हजार व्होल्ट, समोर पंधरा सेंटिमीटरवर फिरता ढोल, तासाला जेमतेम एक मिलिलिटर द्रावण. पनवेलच्या पावसाळ्यात खरी लढाई इथे आहे. हवेतली वाफ सुईच्या टोकावरच पॉलिमर गोठवते. थेंब पांढरा पडतो, धार तुटते. डीह्युमिडिफायर सुरूच असतो, तरी काडीने टोक पुसत जवळ उभं राहावं लागतं.

५:३०. "मामा, नायट्रोजन रात्रभर पुरेल ना?" लॅबमधल्या मामांनी गेज पाहून सिलिंडर बदलायलाच घेतला. बरोबर केलं. मध्येच वायू संपून तापल्या नळीत हवा शिरली, तर सगळा कार्बन जळून जाईल.

६:३०. वहीत नोंद: छिद्रांमुळे प्रवाह वाढला, प्लॅटिनम अजून पुढेच. या विषयावर काम करणाऱ्या मुलांना एकच सांगणं: 'धातूविरहित' असा दावा वाचलात, की पलीकडचा इलेक्ट्रोड कशाचा होता आणि नमुन्यात लोहाचा अंश मोजला होता का, ते आधी शोधा.