पुसून टाकल्यावर उरते ती स्मृती : दाना अवरतानी यांची मिश्रमाध्यम कला

जेद्दाहमधील एका ओसाड घरात भौमितिक नक्षीची फरशी दिसते. रेषा इतक्या काटेकोर, की ती कायमची बसवलेली असावी असे वाटते. मग एक स्त्री झाडू घेऊन येते आणि फरशी झाडू लागते. झाडूबरोबर नक्षीही नाहीशी होते, कारण ती रंगीत वाळूची असते. झाडणारी स्त्री म्हणजे स्वतः कलावंत, दाना अवरतानी. २०१७ सालच्या या कलाकृतीत वाळूची मांडणी आणि चित्रफीत ही दोन्ही माध्यमे एकत्र येतात.

पॅलेस्टिनी वंशाच्या अवरतानी यांचा जन्म १९८७ साली जेद्दाहमध्ये झाला. लंडनच्या सेंट्रल सेंट मार्टिन्समध्ये त्यांनी आधुनिक कलेचे आणि तेथीलच प्रिन्सेस स्कूल ऑफ ट्रॅडिशनल आर्ट्समध्ये पारंपरिक कलेचे शिक्षण घेतले. इस्लामी भूमितीची शिस्त आणि समकालीन कलेची प्रश्न विचारण्याची वृत्ती, अशी दुहेरी शिदोरी त्यांना तेथे मिळाली.

वाळूची फरशी झाडण्यामागील वेदना समजण्यासाठी जेद्दाहचा इतिहास आठवावा लागतो. जुन्या अल-बलद वस्तीतील घरे प्रवाळ-दगडाची, नक्षीदार लाकडी गवाक्षांची. तेलाची समृद्धी आल्यावर सधन कुटुंबे नव्या वस्त्यांत गेली आणि जुनी घरे ओस पडली. २०१४ साली युनेस्कोने या भागाला जागतिक वारसा म्हटले; तोवर बरेच काही ढासळले होते. वारसा शत्रूच नष्ट करतो असे नाही; प्रगतीच्या घाईत घरचे लोकही तो झाडून टाकतात.

शत्रूच्या हातून झालेला विध्वंसही त्यांच्या कलेत येतो. २०१३ साली सीरियातील युद्धात अलेप्पोच्या उमय्यद मशिदीचा मिनार कोसळला. त्या मशिदीच्या अंगणाची नक्षी अवरतानी यांनी मातीच्या विटांत पुन्हा रचली. मात्र मातीला धरून ठेवणारा घटक त्यांनी जाणूनबुजून वगळला. त्यामुळे वाळताना विटांना तडे जातात, आणि ते तडे हाच कलाकृतीचा आशय ठरतो.

भारतीय वाचकाला सर्वांत जवळची वाटेल ती त्यांची रेशमी वस्त्रांची मालिका. केरळमध्ये औषधी वनस्पती व मसाल्यांच्या रंगांत रंगवलेले हे रेशीम. अरब जगतातील उद्ध्वस्त वास्तूंची आठवण म्हणून त्यात भोके पाडली जातात आणि मग ती हाताने रफू केली जातात. २०२४ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात या मालिकेतील काम मांडले गेले. त्यात गाझातील विध्वंसाचाही शोक होता. रफू जखम लपवत नाही. टाके दिसत राहतात, तरी वस्त्र पुन्हा सलग होते.

माध्यमांची सरमिसळ येथे केवळ नावीन्यासाठी नाही. वाळू विखुरते, माती तडकते, कापड शिवता येते. प्रत्येक पदार्थ विस्मरणाची वा सावरण्याची एक वेगळी रीत दाखवतो.

दारापुढची रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसली जाते, हे मराठी माणसाला नवे नाही. पण ती पुन्हा घालणारा हात असतो, म्हणून तिच्या पुसण्याचे दुःख होत नाही. गावाकडचा वाडा विकून परदेशी स्थिरावलेल्या कुटुंबांपुढे अवरतानी यांची कला नेमका हाच प्रश्न ठेवते : नक्षी पुसली गेली हे खरे, पण ती पुन्हा काढता येणारा हात घरात कोणाचा उरला आहे?