बुडालेली गाडी आणि चावीची घाई

२२ जुलै २०२१ हा दिवस चिपळूणकर विसरणार नाहीत. वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले तेव्हा माणसे वरच्या मजल्यांवर गेली, गाड्या खालीच राहिल्या. पाणी ओसरल्यावर आम्ही बहिणीकडे पोहोचलो, तर दुल्हाभाई चिखलाने माखलेल्या गाडीत चावी घेऊन बसलेले. गाडी पेट्रोलची, सेकंडहँड, हप्ते अजून चालू. "सुरू होते का बघू या," ते म्हणाले. आम्हीही म्हटले, बघू या.

चावी फिरवताच 'खट्' आवाज होऊन इंजिन अडकले. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा क्षणभर सुरू झाले आणि आतून मोठा दणका ऐकू आला. पुढे मेकॅनिकने इंजिन उघडून वाकलेला कनेक्टिंग रॉड दाखवला.

हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबले जात नाही, हे आम्ही वर्गात दरवर्षी शिकवतो. पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा दाबतो. हवेच्या जागी पाणी असेल तर पिस्टन अडतो आणि सगळा जोर रॉडवर येतो. ऐन वेळी हे आम्हालाच आठवले नाही.

म्हणून गाडीत पाणी शिरल्याची शंका असेल तर चावी फिरवू नका, धक्का मारूनही सुरू करू नका. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. एअर फिल्टर उघडून पाहा. तो ओला असेल तर पाणी इंजिनापर्यंत गेले असेच धरा. ऑइलची पट्टी काढून पाहा. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे.

पुढचे काम मेकॅनिकचे. गाडी ओढून न्यावी. पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग काढून इंजिन हळूहळू फिरवले की आतले पाणी प्लगच्या भोकांतून बाहेर पडते. मग ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर बदलतात, टाकीत पाणी गेले का तपासतात. डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतात आणि तिच्यात दाबही जास्त असतो, त्यामुळे तिथे घरगुती प्रयोग नकोच. मात्र दिवस घालवू नका, आत गंज चढतो.

गाडी हलवण्यापूर्वी पाण्याच्या खुणेसह फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात स्वतःच्या गाडीची भरपाई मिळत नाही. इंजिनात पाणी जाऊन झालेल्या नुकसानीसाठी बहुधा वेगळे इंजिन संरक्षण घ्यावे लागते. पॉलिसीचा कागद पावसाळ्याआधीच वाचून ठेवा.

शेजारच्या चाचांनी गाडीला हात न लावता ती ओढून नेली. प्लग काढताच पाण्याची पिचकारी उडाली, आणि काही दिवसांत गाडी रस्त्यावर आली. दुल्हाभाईंची गाडी महिनोन् महिने उभी राहिली, हप्ते तेवढे चालू होते.

आता नदीला पाणी चढू लागले की आमची बहीण सगळ्यांत आधी गाडीची चावी काढून आपल्या पर्समध्ये ठेवते.