हेडर की बिडाचा मॅनिफोल्ड? मामांच्या कॉन्टेसावरून संशोधनाचा प्रश्न कसा मांडावा

दारव्ह्याला माझ्या मामांकडे एक कॉन्टेसा आहे. 1986 ची, आणि आत अजूनही मूळचं 1489 सीसीचं इंजिन, म्हणजे अँबॅसडरचंच. अमेरिकेत ज्यांना मसल कार म्हणतात तशी ही गाडी दिसते. लांब बॉनेट, रुंद नाक. पण बॉनेट उघडलं की पन्नासेक अश्वशक्तीचं साधं इंजिन. तिचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकला आणि मिस्त्रींनी सल्ला दिला, "बिडाचं कायले लावता भाऊ, हेडर टाका, गाडी पयते." मामांनी मला फोन केला, कारण मी "इंजिनवर पीएचडी करतो". माझा विषय वेगळा आहे हे त्यांना आजवर पटलेलं नाही.

हा प्रश्न मी तुमच्यासमोर ठेवतोय कारण पीएचडीच्या मुलाखतीला जाणाऱ्या बहुतेकांची जी चूक होते, तीच इथे सहज होते. "हेडर चांगला की मॅनिफोल्ड?" हा प्रश्नच अर्धवट आहे. कशापेक्षा चांगला? कोणत्या फेऱ्यांवर? कोणत्या इंजिनवर?

आधी यंत्र समजून घेऊ. सिलिंडरमध्ये जळलेला वायू एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच धक्क्याने बाहेर पडतो. हा धक्का म्हणजे दाबाची लाट. ती पाइपातून पुढे जाते, पाइप जिथे एकदम मोठा होतो किंवा उघडा पडतो तिथून उलटून परत येते, आणि परत येताना कमी दाबाची लाट होऊन येते. ती बरोबर वेळेला व्हॉल्व्हपाशी पोचली तर सिलिंडरमधला उरलासुरला वायू ओढून काढते. तुमच्यापैकी कुणी विदर्भातलं असेल तर घरी आजोबांना शकुंतला विचारा. त्या गाडीला 1994 पर्यंत वाफेचं इंजिन होतं, आणि दारव्हा मोतीबाग स्टेशनात ती भस्‌भस् करत उभी राहायची. त्या भस्‌भसमागे काम होतं: वापरलेली वाफ धुराड्यातून वर जाताना भट्टीतला धूर सोबत ओढून न्यायची, त्यामुळे भट्टी पेटती राहायची. तिथे लाटांचा हिशेब नव्हता, सरळ वाफेचा झोत होता. पण "जाणाऱ्याने मागच्याला ओढणं" ही कल्पना तीच.

आता हिशेब. एक्झॉस्टचा वायू साधारण 600 अंश सेल्सिअसला असेल तर त्यात ध्वनीचा वेग सेकंदाला 580 मीटरच्या आसपास येतो. ढोबळ नियम असा धरतात की परतीची लाट क्रँक 120 अंश फिरेपर्यंत यायला हवी. 4000 फेऱ्यांवर 120 अंश फिरायला 5 मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात लाट 2.9 मीटर जाते. जाणं-येणं धरलं तर पाइप 1.45 मीटर हवा. 6000 फेऱ्यांवर हाच पाइप एक मीटरपेक्षा थोडा कमी पुरतो. आणि 2000 फेऱ्यांवर? 2.9 मीटर!

इथे थांबा आणि कॉन्टेसाकडे बघा. हे इंजिन आपली सगळी ताकद 4200 फेऱ्यांच्या आसपास देऊन मोकळं होतं, आणि दारव्हा ते यवतमाळ रस्त्यावर मामा 2000 ते 3000 मध्येच चालवतात. बाजारात दिसणारा आखूड, चकचकीत हेडर ज्या फेऱ्यांवर फायदा देईल तिथे हे इंजिन जातच नाही. रेसच्या गाड्यांचे आकडे वाचून आपण निष्कर्ष काढतो, पण ती इंजिनं 6000-7000 वर राहतात. परक्या नमुन्यावरचा निकाल आपल्या नमुन्याला लावणं, हे मी शोधनिबंधांतसुद्धा बघितलंय.

दुसरी गोष्ट मला खरोखर आवडते. चार सिलिंडर 1-3-4-2 या क्रमाने पेटतात, दर 180 अंशांनी एक. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मात्र 240 अंशांच्या आसपास उघडा असतो. म्हणजे 1 चा व्हॉल्व्ह अजून मिटायचा असतो तेव्हाच 3 चा धक्का सुटतो, आणि दोघं एकाच आखूड नळीत असतील तर 3 चा वायू 1 च्या दारावर धडकतो. उपाय सोपा आहे: 1 आणि 4 ची जोडी करा, 2 आणि 3 ची जोडी करा. या जोड्यांमध्ये 360 अंशांचं अंतर आहे, त्यामुळे भांडण नाही. बीएमसीच्या या इंजिनाच्या हेडमध्ये मधल्या दोन सिलिंडरना मिळून एकच एक्झॉस्ट पोर्ट आहे. म्हणजे 2-3 ची जोडी कारखान्यातच झालेली! एकूण तीनच पोर्ट. म्हणून या इंजिनाचा हेडर तीन नळ्यांचा असतो, आणि चांगल्या हेडरमध्ये मधली नळी बराच वेळ वेगळी धावते, 1 आणि 4 आधी एकत्र येतात, मग सगळे भेटतात. कुणी चार नळ्यांचा हेडर "फिट करून देतो" म्हणाला तर त्याला हेडचा फोटो दाखवा.

याच हेडची दुसरी बाजू गैरसोयीची आहे. कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट एकाच अंगाला, एकावर एक. बीड जाड असतं, तापायला वेळ घेतं. हेडरची पातळ नळी लगेच तापते आणि उष्णता चहूकडे फेकते, ती थेट वरच्या कार्ब्युरेटरवर. मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात पारा 45 च्या घरात असतो. अशात फाटकावर दहा मिनिटं गाडी बंद करून उभे राहिलात तर पेट्रोलची वाफ होऊन गाडी पुन्हा सुरू होणार नाही. मध्ये पत्र्याची आड लावता येते, नळ्यांवर उष्णतारोधक पट्टी गुंडाळता येते, पण मग पट्टीखाली ओल धरून साधं पोलाद गंजतं. एक सोय घेतली की दुसरी अडचण येते, आणि ती लिहून ठेवायची असते.

एक बारकी गोष्ट मिस्त्री लोकांनाही कधी सुचत नाही. इनलेट आणि एक्झॉस्टचे फ्लँज एकाच स्टडवर, एका जाड वॉशरखाली दाबले जातात. हेडरच्या फ्लँजची जाडी जुन्या इनलेटच्या फ्लँजइतकी नसेल तर वॉशर तिरका बसतो, आणि एका बाजूने गळती. कितीही नवं पॅकिंग टाका, टिकणार नाही.

गळतीला मी हसून सोडत नाही, कारण मामांना यवतमाळला जाऊन आल्यावर डोकं दुखायचं. वय झालं म्हणून असेल, असं घरात सगळे म्हणाले. तडकलेल्या मॅनिफोल्डमधून निघणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. बॉनेटखालून तो डॅशबोर्डमागच्या भोकांतून आत येतो, आणि काचा बंद असल्या की साठतो. डोकेदुखी, झापड, मग बेशुद्धी. तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर थंड इंजिन सुरू करून बॉनेटजवळ कान द्या: टिक-टिक आवाज येतोय का, फ्लँजच्या कडेला काजळीची रेघ आहे का ते बघा. असेल तर हेडरचा विचार नंतर, आधी गाडी उभी करा. मामांना मी तेव्हाच सांगितलं, आणि ते पहिल्यांदाच वाद न घालता ऐकले.

आता प्रयोग. मिस्त्री म्हणतात, हेडर टाकलेल्या गाडीत फरक कळतो. कळणारच! तडकलेला मॅनिफोल्ड काढून नवा हेडर लावला, सोबत नवं पॅकिंग, नवा सायलेन्सर, टायमिंग जुळवलं, जेट बदलला. मग फरक कशाचा? तुलना व्हायला हवी ती धड असलेल्या मॅनिफोल्डशी, आणि बाकी सगळं तसंच ठेवून. मापन साधं ठेवा. सपाट, मोकळा रस्ता, टॉप गिअर, 40 ते 70 किलोमीटर वेगाला किती सेकंद लागतात ते सोबतच्या माणसाने मोजायचं, दोन्ही दिशांनी, प्रत्येकी पाच-सहा वेळा. समजा मॅनिफोल्डवरचे आकडे आपापसातच अर्धा सेकंद इकडेतिकडे होतायत. तर हेडरने 0.2 सेकंद कमी केले हा निकाल नाही, तो तुमच्या अंगठ्याचा आणि वाऱ्याचा गोंगाट आहे. आधी गोंगाट मोजा. मुलाखतीत "तुमच्या मापनात अनिश्चितता किती?" विचारतात तेव्हा हेच विचारतात.

"इंजिनाला बॅकप्रेशर लागतं" हे वाक्यही तुम्ही ऐकाल. लागत नाही. फार जाड नळी टाकल्यावर खालच्या फेऱ्यांची ओढ जाते ती वायूचा वेग आणि लाटेची वेळ बिघडल्यामुळे. दाब कमी झाला म्हणून नाही. मोजायचंच असेल तर मॅनिफोल्डच्या खालच्या पाइपला छोटं भोक, त्याला तांब्याची लांब नळी, पुढे पारदर्शक प्लास्टिकच्या यू-नळीत रंगीत पाणी. दोन बाजूंच्या पातळीत एक मीटर फरक म्हणजे साधारण 9.8 किलोपास्कल. तिथे पाणी खूप चढलं तर अडथळा पुढच्या पाइपात किंवा सायलेन्सरमध्ये आहे, आणि हेडरवर घातलेले पैसे वाया. पाणी धक्क्यांनी नाचतं, म्हणून नळी मध्ये जराशी चिमटून घ्या.

आवाजाचंही बघा. सायलेन्सर असणं हा मोटार वाहन नियमांचा भाग आहे, आणि आवाज-धुराची मर्यादा मोडली तर दंड 10,000 रुपयांपर्यंत जाऊ शकतो. हेडर लावून सायलेन्सर नीट ठेवता येतो, पण दुकानात दोन्ही एकदम बदलायचा आग्रह होतो.

मामांसाठी शेवटी नागपूरच्या भंगारातून अँबॅसडरचा बिडाचा मॅनिफोल्ड मिळाला. तडा नसलेला, फ्लँज थोडा वाकडा. लेथवर सपाट करून घेतला, स्टड नवे, आणि नट आधी मधले मग कडेचे असे टप्प्याटप्प्याने आवळले. डोकेदुखी थांबली. हेडरचं खूळ मात्र त्यांच्या डोक्यातून गेलेलं नाही. दिवाळीला मी दारव्ह्याला जाणार आहे, तेव्हा आधी मॅनिफोल्डवरचे बारा आकडे वहीत घेणार. हेडर कधी आलाच तर त्याच रस्त्यावर, तेवढंच पेट्रोल टाकीत ठेवून, पुन्हा बारा.